आपल्याच माणसांत थेरपिस्ट म्हणून बसायचं तर

खोली घेतलीत की आधी चपलांची सोय बघा. चपला दाराच्या आत राहतील अशी जागा हवी. मी इंदूरच्या राजेंद्र नगरमध्ये काम सुरू केलं तेव्हा आपल्या सगळ्यांच्या घरी असतो तसा लाकडी रॅक दाराबाहेर ठेवला होता. तिसऱ्याच महिन्यात एक मुलगी ठरलेल्या वेळी आली आणि जिन्यावरूनच परत गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, बाहेर माझ्या वहिनीच्या चपला होत्या." हिरव्या पट्ट्यांच्या, दोघींनी मिळून राजवाड्यावरून घेतलेल्या. वहिनी माझ्याकडे येते हे तिला माहीत नव्हतं, आणि वहिनीलाही ते घरात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. माझ्या तोंडून अक्षर निघालं नाही आणि दोघींची गोष्ट रॅकवर उघडी पडली.

त्या रात्री रॅक आत आणला. पुढच्या आठवड्यापासून दोन भेटींच्या मध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवायला लागले, म्हणजे जिन्यात कुणी कुणासमोर येत नाही. गाडी इमारतीखाली लावू नका, चौकात लावा, हे मी पहिल्या फोनवरच सांगते. इंदूरच्या मराठी वस्तीत स्कूटरच्या नंबरावरून माणसं ओळखली जातात.

या कामात मला एकोणीस वर्षं झाली. आपल्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईत शिकतात आणि तिथले नियम घेऊन इंदूरला, देवासला, उज्जैनला परत येतात. त्या नियमांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की थेरपिस्ट आणि क्लायंट खोलीबाहेर एकमेकांचे कुणी लागत नाहीत. इथे तसं नाही. काही घरं होळकरांच्या काळापासूनची, काही नोकरीसाठी आलेली, पण मंगल कार्यालयं तीच, गणपती तोच, भजनी मंडळ तेच. समोर बसलेल्या बाईची नणंद माझ्या मावसबहिणीच्या वर्गात होती, हे मला दुसऱ्या सेशनला कळतं. अशा गावात नव्याने बसणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. यात जी माणसं येतील त्यांच्या ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत.

पाटी आणि कागद

हे थोडक्यात सांगते, कारण ते सरळ आहे. पाटीवर तेवढंच लिहा जेवढं तुम्ही आहात. १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेऊ नका. मी एम.ए. आणि नंतर समुपदेशनाचा डिप्लोमा केला, म्हणून माझ्या पाटीवर 'समुपदेशक' आहे. लोक 'डॉक्टर' म्हणतात, प्रत्येक वेळी दुरुस्त करते. औषधाबद्दल मत देत नाही, डॉक्टरांनी दिलेली गोळी 'जरा कमी करून बघा' असं तर कधीच नाही.

एका मानसोपचारतज्ज्ञाशी नीट ओळख ठेवा, म्हणजे रात्री फोन केला तर ते उचलतील इतकी. आणि एका फिजिशियनशी. सहा महिने उदास, गळून गेलेली, कशात लक्ष नाही अशी बाई आली की बोलण्याबरोबरच थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यायला सांगा. आपल्याकडे शाकाहारी घरं खूप, आणि बायका स्वतःचं रक्त कधी तपासत नाहीत. हिमोग्लोबिन सातवर आलेल्या बाईशी मी दोन महिने नकारात्मक विचारांवर काम करत होते. ते मला अजून लागतं.

बाहेर भेटल्यावर

पहिल्या सेशनला, अगदी नाव-गाव लिहून होताच, मी एक वाक्य बोलते: "आपण बाहेर कुठे भेटलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर नमस्कार करीन, त्यापुढे तिथे काही बोलायचं नाही." हे आधी सांगितलं नाही तर सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना तुम्ही नजर फिरवता आणि समोरच्याला वाटतं, ताईंना माझी लाज वाटते. एका मुलाने ही गोष्ट आठ महिने मनात ठेवली होती.

पण खरी परीक्षा क्लायंटची नसते, त्याच्या घरच्यांची असते. माझी मोठी चूक दुसऱ्या वर्षातली. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, बायका वाण घेऊन दाराशी घोळक्याने उभ्या होत्या. एका बाईंनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "आमची सून तुमच्याकडे येते ना? बरी आहे ना हो ती?" प्रश्नात काळजी होती. मी म्हणाले, "बरी आहे, काळजी करू नका." मला वाटलं, मी काहीच सांगितलं नाही, उलट आईसारख्या बाईला धीर दिला. त्या सुनेने घरी सांगितलं होतं की ती शिवणाच्या क्लासला जाते. सासूबाईंनी अंदाजाने खडा टाकला होता आणि मी तो झेलला. ती पुन्हा आली नाही. मी फोन केला नाही, कारण फोन कोण उचलेल ते माहीत नव्हतं.

तेव्हापासून माझं एकच उत्तर आहे: "कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कुणाबद्दलच सांगत नाही." महत्त्वाचं हे की, जे माझ्याकडे कधीच आलेले नाहीत त्यांच्याबद्दलही हेच उत्तर द्यायचं. येत नसलेल्यांना सरळ 'नाही हो, येत नाही' म्हटलंत, तर पुढच्या वेळचं तुमचं मौन म्हणजे 'हो' ठरतं. माझ्या सख्ख्या जावेने तिच्या भाच्याबद्दल विचारलं तेव्हाही मी हेच वाक्य बोलले. भाचा कधी आलेला नव्हता. जाऊबाई दोन महिने दुखावल्यासारख्या वागत होत्या. मग एक दिवस स्वतःच म्हणाल्या, "मला कुणाकडे जायचं असेल तर कुणाचं नाव सुचवशील?"

मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यातल्या कलम २३ ने गोपनीयता हा उपचार घेणाऱ्याचा हक्क केला आहे. जीवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची भीती, कोर्टाचा आदेश अशा मोजक्या वेळी ती बाजूला होते. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, तिथे आपली मर्जी चालत नाही. या सगळ्या मर्यादा पहिल्याच भेटीत, कागदावर आणि तोंडी, दोन्ही सांगा. मूल सगळं बोलून मोकळं झाल्यावर 'आता मला कळवावं लागेल' असं म्हणणं हा त्याच्यासाठी दुसरा धक्का असतो.

मोबाईलबद्दल एवढंच, की कामाचं सिम वेगळं ठेवा आणि त्यात नावं सेव्ह करू नका, नंबर आणि एखादं अक्षर पुरे. माझा फोन एकदा भाजीवाल्याच्या गाडीवर राहिला आणि त्याने तो शेजारच्या काकूंकडे आणून दिला. स्क्रीनवर तीन मिस्ड कॉल दिसत होते. सुदैवाने तेव्हा फक्त अक्षरंच होती.

'काकू' म्हटलं की

आपल्या माणसाला परक्या बाईसमोर रडता येत नाही, म्हणून तो आधी तुम्हाला नात्यात घेतो. ताई, मावशी, काकू. मॅडम म्हणा असं सांगून बघितलं, पण दोन वाक्यांनंतर पुन्हा ताई येतेच. आता मी ते अडवत नाही. मात्र नात्याबरोबर काय येतंय तिकडे लक्ष ठेवते. 'ताई' बरोबर बहुधा विश्वास येतो. 'काकू' बरोबर अपेक्षा येते की मी त्याच्या आईची बाजू समजावून सांगीन. 'मावशी' म्हणणारी एक मुलगी माझ्याकडून लाड मागत होती आणि मी ते पुरवत होते. तिच्यासाठी सेशन पंधरा मिनिटं लांबवायची, दुसऱ्या कुणासाठी नाही. फ्रॉईडने १९१० साली काउंटरट्रान्सफरन्स हा शब्द वापरला तो याच गोष्टीसाठी. समोरच्यामुळे आपल्या मनात जे हलतं, ते ओळखल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्या बाबतीत ते पंधरा मिनिटांच्या रूपाने घड्याळात दिसत होतं. तुमच्या डायरीत प्रत्येक सेशन सुरू झाल्याची आणि संपल्याची खरी वेळ लिहा. महिन्याच्या शेवटी ती पानं वाचा. कुणाला जास्त वेळ दिला, कुणाला पाच मिनिटं आधी उठवलं, हे दिसलं की आपलं आपल्यालाच बरंच कळतं.

फी घ्या. समाजातल्या माणसाकडून पैसे कसे घ्यायचे, हा संकोच मला पहिली चार वर्षं नडला. फुकट येणारा माणूस रागावू शकत नाही, न पटलेलं बोलू शकत नाही, मधेच थांबूही शकत नाही, कारण त्याच्या डोक्यावर उपकार असतो. माझी फी नऊशे रुपये आहे, आणि आठवड्यातल्या दोन जागा दोनशे रुपयांच्या ठेवलेल्या आहेत. त्या दोन भरल्या की तिसरी काढत नाही, थांबायला सांगते किंवा सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत पाठवते.

दिवाळीत फराळाचा डबा येतो. साडी, पाकीट, चांदीचं काही परत करते, पण चार चकल्या आणि दोन अनारसे परत करणं मला जमत नाही आणि करूही नये असं माझं मत आहे. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून त्यात मूठभर साखर घालते. दरवर्षी तेवढीच आणि सगळ्यांना तीच.

कोणत्या भाषेत

हा भाग मला कुणी शिकवला नाही, आणि इथे तो रोज लागतो. इंदूरचा मराठी माणूस घरी मराठी बोलतो, बाजारात हिंदी, आणि कामावर हिंदी-इंग्रजी मिसळून. मनातलं दुःख यातल्या कोणत्या कप्प्यात आहे हे आधी माहीत नसतं. बँकेतले एक गृहस्थ तीन सेशन माझ्याशी स्वच्छ मराठीत बोलले. झोप बरी आहे, काम बरं आहे, सगळं ठीक आहे. चौथ्या वेळी बोलता बोलता हिंदीत घसरले, "मैं थक गया हूं, मॅडम," आणि डोळे पुसायला लागले. मराठी ही त्यांच्या वडिलांसमोर बोलायची भाषा होती. तिथे थकायला परवानगी नव्हती. मी पुढची सगळी सेशन्स हिंदीत घेतली.

उलटंही होतं. हिंदी शाळेत शिकलेली, नवऱ्याशी हिंदीच बोलणारी बाई आजीच्या मरणाबद्दल सांगताना मराठीत येते. म्हणून एक प्रश्न जवळ ठेवा: "हे तुम्ही घरात कसं म्हणाल?" 'डिप्रेशन' म्हणणारी बाई या प्रश्नावर म्हणते, "स्वयंपाकघरात गेलं की कशाला हात लावावासा वाटत नाही." 'अँक्झायटी' म्हणणारा मुलगा म्हणतो, "छातीत कुणीतरी दार वाजवतंय." काम त्या वाक्यावर करायचं असतं. नोंदीतही ते वाक्य त्याच भाषेत, त्याच शब्दांत लिहा. भाषांतर करून लिहिलेली नोंद सहा महिन्यांनी वाचली की माणूस आठवतच नाही.

एक प्रसंग सांगते. रिकाम्या खुर्चीचं तंत्र तुम्ही शिकला असाल. समोरच्या खुर्चीत ती व्यक्ती बसली आहे असं समजून तिच्याशी बोलायचं. माझ्याकडे साठीच्या एक बाई होत्या, नवऱ्याने चाळीस वर्षं एकही निर्णय विचारला नव्हता, आणि आता तो गेल्यावर त्यांना राग अनावर होत होता. मी त्यांना खुर्चीशी बोलायला सांगितलं, आणि शिकवलं होतं तसं म्हणाले, "त्यांना 'तू' म्हणून बोला, मोकळं वाटेल." त्या गप्प झाल्या. दहा मिनिटं नुसत्या बांगडी फिरवत बसल्या. मला वाटलं, विरोध आहे. मग त्यांनी पदर खांद्यावरून पुढे घेतला, खुर्चीत थोड्या सरळ बसल्या आणि म्हणाल्या, "अहो." थांबल्या. "अहो, तुम्ही मला एकदा तरी विचारायला हवं होतंत." पुढची वीस मिनिटं त्या एका दमात बोलत होत्या, प्रत्येक वाक्य 'अहो' ने सुरू करून. त्यांचा चाळीस वर्षांचा राग 'अहो' मध्येच होता. 'तू' म्हणायला लावून मी त्यांना त्यांच्याच घराबाहेर उभं केलं होतं.

तेव्हापासून संबोधन मी विचारून घेते. तुम्ही त्यांना काय म्हणता, मनात काय म्हणता, आणि रागात काय म्हणता, हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

जीवावरच्या गोष्टी

भंवरकुआंच्या कोचिंगमधली मुलं माझ्याकडे येतात. कुणी पीएससीच्या तिसऱ्या प्रयत्नात, कुणी घरी अजून निकाल न सांगितलेला. निकालाच्या आसपासचे आठवडे मी डायरीत आधीच मोकळे ठेवते. तुम्हीही ठेवा.

मरणाबद्दल सरळ विचारा. "आयुष्य संपवावं असे विचार येतात का? किती वेळा? काही ठरवलं आहे का?" विचारल्याने असा विचार डोक्यात जाईल, ही भीती सोडून द्या. कुणीतरी नाव घेऊन विचारलं याने बहुतेक जणांचा श्वास सुटतो. आडून आडून विचारलंत तर उत्तरही आडून येतं.

हो म्हटलं तर त्याच सेशनमध्ये सुरक्षिततेचा आराखडा लिहून काढा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी बनवलेली पद्धत मी वापरते. धोक्याची खूण कशी ओळखायची, एकट्याने काय करता येईल, कुठे जाऊन आणि कुणाजवळ बसून मन वळेल, मदत कुणाकडे मागायची, कोणत्या तज्ज्ञाला फोन करायचा, आणि जीवाला धोका होईल असं खोलीतून काय बाहेर न्यायचं. हे सगळं त्या मुलाच्या शब्दांत आणि त्याच्या अक्षरात हवं. 'नैराश्य वाढणे' अशी खूण काही कामाची नाही. एका मुलाने लिहिलं होतं, "मेसचा डबा न उघडता परत जातो." दोन दिवस डबा तसाच परत गेला की त्याने रूममेटला सांगायचं, असं ठरलं. रूममेटलाही, त्याच्या परवानगीने, बोलावून घेतलं. कागदाचा फोटो मोबाईलमध्ये, आणि खाली १४४१६. हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर २०२२ पासून सुरू आहे आणि माझा फोन बंद असतो तेव्हाही लागतो. धोका जवळचा असेल तर कागदावर भागवू नका. माणसाला एकटं सोडायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञाला तिथूनच फोन करायचा, आणि घरचं कुणी येईपर्यंत पुढचं सेशन रद्द करायचं.

घरच्यांना पोलिसांची भीती असते, त्यापायी दवाखान्यात न्यायला उशीर करतात. त्यांना सांगा की २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ आत्महत्येच्या प्रयत्नामागे तीव्र ताण असल्याचं गृहीत धरतं आणि तसं नसल्याचं सिद्ध झाल्याखेरीज शिक्षा करत नाही. हे एक वाक्य माहीत असल्यामुळे एका वडिलांनी माझ्यादेखत रिक्षा थांबवली.

आणि तरीही कुणी जातं. माझ्या सातव्या वर्षी एक जण गेला. शेवटचं सेशन चांगलं झालं होतं, तो जिन्यातून उतरताना हसला होता. बातमी कळली त्या दिवशी मी उरलेली चारही सेशन्स घेतली. अकरा दिवस कुणाला काही सांगितलं नाही. बाराव्या दिवशी भाजी चिरताना हात थरथरायला लागला तो थांबेना, तेव्हा सुपरव्हायझरला, म्हणजे ज्यांच्याशी मी माझ्या कामाबद्दल बोलते त्या ज्येष्ठ थेरपिस्टना, फोन केला. त्यांनी मला त्याची फाइल पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लावली. वाचताना दोन गोष्टी कळल्या. एका ठिकाणी मी आणखी विचारायला हवं होतं. आणि बाकी सगळं मी केलं होतं. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही बरोबर घेऊन मला पुढे काम करायचं होतं.

तुमच्यावर ही वेळ आली तर त्याच दिवशी सुपरव्हायझरला फोन करा आणि उरलेली सेशन्स पुढे ढकला. फाइलमध्ये नंतर काही खोडू नका, काही घालू नका. कुटुंबाचा फोन आला तर घ्या, ऐका, दुःख झालं आहे हे सांगा, पण त्याने खोलीत काय सांगितलं ते सांगू नका. मातीला जायचं की नाही हे त्यांच्या इच्छेवर ठेवा. मला त्याच्या आईने बोलावलं होतं. मी मागे उभी राहिले आणि तिथे मी कोण, हे कुणी विचारलं नाही.

आपलं काय होतं ते

दिवसाला पाच सेशन्स. सहावं मी घेत नाही. पन्नास मिनिटांचं एक, मध्ये वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत पाणी, बाथरूम, चार ओळींची नोंद, आणि खिडकी उघडून उभं राहणं. बसून बसून कंबर धरते, आणि लघवी दाबून ठेवायची सवय लागते. माझ्या ओळखीच्या दोघींना त्यावरून त्रास झाला. या गोष्टी कुठल्याच अभ्यासक्रमात नसतात.

ख्रिस्टिना मॅस्लॅक यांनी बर्नआउट, म्हणजे कामाने माणूस आतून संपून जाणं, मोजताना तीन गोष्टी पाहिल्या. भावनेने रिकामं होणं, समोरचा माणूस न राहता वस्तू वाटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पहिली आणि तिसरी आपण पटकन ओळखतो. दुसरी शब्दांतून आत येते. एका सकाळी मी नवऱ्याला म्हणाले, "आज दुपारी तो पॅनिकवाला येणार आहे." त्या मुलाचं नाव होतं, त्याला सतार येत होती, आणि मी त्याला त्याच्या आजाराच्या नावाने हाक मारली. ते वाक्य माझ्याच कानांना टोचलं. त्या महिन्यात नवीन कुणाला घेतलं नाही. तुमच्या तोंडी असा 'वाला' किंवा 'ती ओसीडी' आली की कामाचे तास मोजा, झोप मोजा, आणि सुपरव्हिजनला तोच विषय न्या.

सुपरव्हिजन गावात घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. इथे ज्यांच्याकडे न्याल ते तुमच्या क्लायंटच्या आत्याचे शेजारी निघतील. मी दर पंधरा दिवसांनी गुरुवारी पुण्याच्या बाईंशी ऑनलाइन बोलते. स्वतःच्या थेरपीसाठीही दूरच्या शहरातलं माणूस शोधलं आहे. तिथे मी कुणाची ताई नसते.

घरी गोष्ट सांगता येत नाही, आणि काहीच न सांगणंही जमत नाही. आम्ही घरात एक शब्द ठरवला आहे, 'जड'. "आज जड गेलं" म्हटलं की नवरा काही विचारत नाही, आल्याचा चहा टाकतो. मुलगी चौदा वर्षांची असताना एकदा शाळेतलं भांडण सांगत होती. मी मान हलवत म्हणाले, "म्हणजे तुला तेव्हा एकटं वाटलं." ती ओरडली, "आई, तू त्या आवाजात बोलू नको ना! मला सांग, ती चुकली की मी?" मी म्हणाले, "ती चुकली. आणि तूही थोडी." तिला तेच हवं होतं. खोलीतून घरी येताना मी आता दोन बस स्टॉप चालत येते, भाजी घेते, भाव करते. भाजीवाल्याशी घासाघीस करताना तो आवाज आपोआप सुटतो.

नातेवाईक विचारतात, "जरा आमच्या चिन्मयशी बोल ना, तू तर हेच करतेस." मी बोलत नाही. त्याच्या आईला दोन नावं आणि फोन नंबर देते आणि पहिली वेळ ठरवायला मदत करते. चिन्मय घरी आला की त्याला पोहे करून घालते आणि क्रिकेटबद्दल विचारते. त्याच्या मामीने त्याच्याशी हेच बोलायला हवं.

पाकीट

शेवटचं काम बहुतेक जण करत नाहीत. उद्या मला अपघात झाला, तर माझ्या क्लायंटना कोण कळवणार? ते दाराशी येतील आणि शेजारी सांगतील. म्हणून खोलीतल्या लोखंडी कपाटात एक बंद पाकीट ठेवलं आहे. त्यात चालू क्लायंटची अक्षरं आणि नंबर, कुणाला फोन केलेला चालतो आणि कुणाला फक्त मेसेज, कुणाच्या फोनवर सासू असते, कुणाच्या बाबतीत त्याच दिवशी दुसऱ्या थेरपिस्टची भेट ठरवायची, आणि फाइली किती वर्षं ठेवून मग कशा नष्ट करायच्या, हे लिहिलं आहे. कपाटाची दुसरी किल्ली उज्जैनच्या एका सहकारी बाईंकडे आहे, त्यांची माझ्याकडे आहे. क्लायंटना हे मी पहिल्या महिन्यातच सांगते, त्यांची परवानगी घेते, आणि कुणी नको म्हटलं तर त्याचं नाव यादीत घालत नाही.

यादी दर तीन महिन्यांनी नव्याने लिहायची, जुनी फाडून जाळायची. या वेळी तिच्यात चौदा अक्षरं आहेत. एका अक्षरापुढे लिहिलं आहे: 'हिंदीत बोलावं.'